ट्रेलरमध्ये मिश्री चालत नाही

आमच्या म्हातारीला, म्हणजे माझ्या बायकोला, सिनेमात घेतलं होतं. हे सांगितलं की नवी माणसं हसतात. हसू देत. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, नंतर खाडीत रेतीच्या होडीवर जन्म गेला. लिहायला वेळ लागतो, पण लिहिलं की खोडत नाही.

दोन हजार तेरा-चौदाचं साल असेल. पनवेलच्या खाडीकडच्या आमच्या गावात तेव्हा जमिनीच्या मोजणीवाल्यांच्या इतक्या गाड्या यायच्या की कुत्र्यांनीसुद्धा भुंकायचं सोडलं होतं. एका सकाळी गाडीतून माणसं उतरली, तीही मोजायलाच आली असतील असं समजून मी दारात आडवा उभा राहिलो. ती सिनेमावाली निघाली. जमीन गेलेल्या गावाची गोष्ट होती म्हणे. एक दाढीवाला डायरेक्टर आणि त्याची असिस्टंट बाई, चाळिशीची, चष्मेवाली, बोलायला गोड. गावभर फिरून त्यांनी आमचा ओटा पसंत केला. ओट्याचं कारण नव्हतं. ओट्यावर आमची म्हातारी मिश्री लावत बसली होती, ती त्यांना पसंत पडली.

मिश्री तिची जगावेगळी. बाजारची पुडी तिने कधी घेतली नाही. पनवेलला तंबाखूच्या दुकानातून पान आणायची, तव्यावर काळंकुट्ट होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरून कनवटीला खोचायची. भाजायला बसली की सगळी आळी खोकायची. आमचा मुलगा खांदा कॉलनीत ब्लॉक घेऊन राहतो, त्याची बायको त्या दिवशी आली असेल तर नाकाला रुमाल लावून मागच्या दाराने आत यायची. म्हातारी म्हणायची, "लाव रुमाल. तुझ्या मिक्सरचा वास मी सोसतंय ना?"

तर डायरेक्टर म्हणाला, "आजी, रोज बसता तशाच बसा. आमची हिरोईन येईल, तुम्हाला रस्ता विचारेल. तुम्ही नुसता हात दाखवायचा, बोलायचं काही नाही."

मग असिस्टंट बाईने पिशवीतून प्लास्टिकची एक डबी काढली. "आजी, तुमची नको, ही लावा. दंतमंजन आहे. तंबाखू पडद्यावर दिसली की खाली पट्टी टाकावी लागते. आणि ट्रेलरमध्ये, पोस्टरवर तर दाखवताच येत नाही. सरकारचा नियम आहे."

म्हातारीने चिमूट घेतली, दातांना लावली आणि ओट्याखाली थुंकली.

"शी! ह्ये काय गोडमिट्टक? दातांना पेढं भरवू काय मी?"

"आजी, फक्त दिसायला लावायचंय."

"दिसायला लावून काय करू? तोंडाला कळल्याबिगर हसू कसं येल?"

आणि तिने कनवटीची डबी काढली. मी दारातून बोललो, "तिची मिश्री आमच्या घरची हाय. असली पायजे तर असली घ्या, नायतर दुसऱ्या गावची म्हातारी बघा." डायरेक्टर मांडीवर थाप मारून हसला. "असलीच पाहिजे! आजोबा, डायरेक्शन तुम्हीच करा आता." त्याने आतून तवासुद्धा आणवला, वरच्या भाजलेल्या पानासकट, आणि तिच्या बाजूला ठेवायला लावला. असिस्टंट बाई हळूच म्हणाली, "सर, ट्रेलरला अडकेल." तो म्हणाला, "अडकेल तेव्हा बघू."

हिरोईन उंच टाचेच्या चपला घालून आली. "आजी, हायवेला जायचा रस्ता कुठून आहे?"

म्हातारीने हात दाखवायचा होता. तिने तोंडातलं बोट बाहेर काढलं, त्या पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "रस्ता नं बाय? तो आमच्या चुलीवरनंच काढलाय. जा सरळ. जाता जाता दूध उतू जाताना दिसलं तर हाक मार." आणि हसली. काळे दात, काळे ओठ, डोळे बारीक. ती हसली की आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. हिरोईन पुढचं बोलायचं विसरली. कॅमेरावाला हसला. डायरेक्टर धावत येऊन म्हातारीच्या पाया पडला. "आजी, ट्रेलर तुमच्यापासून सुरू करणार!"

"ट्रेलर म्हंजे काय रं बाला?"

"सिनेमा यायच्या आधी त्यातले तुकडे टीव्हीवर दाखवतात, आजी. लोकांनी सिनेमा बघायला यावं म्हणून."

"म्हंजे वानगी," म्हातारी म्हणाली. तिने पनवेलच्या बाजारात बसून भाजी विकलेली. "मंग चांगली द्या. वानगी वाईट दिली तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं."

त्यानंतर ती एकच गोष्ट सगळ्यांना सांगायची. तंबाखूच्या दुकानातला चाचा तिला पान बांधून देताना विचारायचा, "भाभी, तुमचा सिनेमा कधी? आम्हाला दावत-बिवत आहे की नाही?" ती म्हणायची, "आधी वानगी येल, मंग सिनेमा, मंग दावत. तवर पान चांगलं दे, ह्ये कालचं मऊ पडलंय."

गणपती जवळ आले असताना सकाळी भाजी निवडता निवडता ती एका अंगावर कलंडली. तोंड डावीकडे ओढलं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेले आणि बोलणंही गेलं. पनवेलला दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "तंबाखू खातात?"

मी म्हणालो, "तंबाखू नाय. मिश्री."

"आजोबा, मिश्री म्हणजे काय मग?"

डॉक्टर म्हणाला, ब्लडप्रेशर होतं, वय होतं आणि हेसुद्धा होतं. डॉक्टरशी माझं भांडण नाही. नियम करणाऱ्यांशीही त्या दिवशी नव्हतं.

ती घरी आली. डबी मी कोनाड्यात ठेवली, तिने मागितली नाही. तोंडाच्या लुळ्या बाजूने लाळ यायची, म्हणून डाव्या हातात सतत पदराचं टोक धरून बसायची आणि पुसत राहायची. बाजारात बसणारी बाई, पण नीटनेटकी. कोणी आलं की आधी तोंड पुसायची, मग बघायची. बोलायला जायची तर घशातून आ, आ एवढंच निघायचं. पहिले काही दिवस ती चिडायची. नंतर प्रयत्नच सोडला, आणि मला ते तिच्या चिडण्यापेक्षा जड गेलं.

तेव्हा मला कळलं की तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. रेशनकार्डाचा फोटो आहे. मुलाच्या लग्नाची कॅसेट आहे, त्यात ती पाठमोरी पंगतीत भात वाढते. पन्नासावर वर्षं ज्या आवाजाने मला शिव्या घातल्या, जेवायला हाका मारल्या, तो फक्त त्या सिनेमावाल्यांकडे राहिला होता. तिलाही हे कळत होतं. टीव्हीवर नव्या सिनेमाची जाहिरात लागली की ती मान वळवून माझ्याकडे बघायची. मी सांगायचो, "येल गो. तुझ्यापासूनच सुरू हाय ती. येल." मला ती तिला दाखवायची होती. बाकी काही मागणं नव्हतं माझं कोणाकडे.

एक दिवस मुलगा मोबाइल घेऊन आला. "बाबा, आईचा ट्रेलर आलाय!" आम्ही तिला उशीला टेकवून बसवलं, मोबाइल तिच्यासमोर धरला. पहिल्यांदा सरकारी सर्टिफिकेटाचा कागद दिसला, मग आमची खाडी दिसली, मग हिरोईन. एक गुंड लोखंडी पाइपाने एकाला मारतो, रक्त उडतं. मेलेला माणूस पाण्यावर तरंगतो. मग गाणं. मग नावं. संपलं.

म्हातारी माझ्याकडे बघायला लागली.

"परत लाव," मी मुलाला म्हणालो.

"बाबा, त्यात नाहीये आई."

"परत लाव म्हंतोय ना!"

त्याने परत लावला. पाइप, रक्त, मेलेला माणूस. म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळली.

मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही. मुलगा म्हणत होता फोन करू, मी म्हणालो फोनवर माणूस खोटं बोलतो. बस बदलत बदलत अंधेरीला त्यांच्या ऑफिसात गेलो. डायरेक्टर नव्हता, असिस्टंट बाई होती. म्हातारीचं ऐकून तिने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसली. मग म्हणाली, "बाबा, आम्ही टाकलं होतं हो. पहिला ट्रेलर आजींपासूनच होता. सेन्सॉरला पास नाही झाला. ट्रेलर ही जाहिरात धरतात. सिनेमात पट्टी टाकून तंबाखू चालते, जाहिरातीत अजिबात चालत नाही."

"मंग सांगायचं दंतमंजन हाय म्हणून."

"तेही बोलून बघितलं. पण बाजूला तवा दिसतो ना, पानासकट."

"मी येतो साहेबाकडे. मी सांगतो."

"काय सांगाल?"

मी विचार केला. "मिश्री हाय म्हणूनच सांगेन," मी म्हणालो. "घरची हाय."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "बोट नका दाखवू. तवा कापा. नुसतं तोंड दाखवा, हसतानाचं."

"हसतात तेव्हाच तोंडात मिश्री आहे, बाबा. वेगळं कसं काढणार?"

"आणि तो पाइपाने मारतोय, ते चालतं?"

"त्याला शिक्का मिळालाय. लहान मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने बघावं, असा."

"मंग हिलापण मारा तसा शिक्का. मोठ्यांच्या सोबतीने बघा. मी बसतो सोबतीला, कोणाची किती पोरं असतील ती घेऊन या."

इकडेतिकडे बघून तिने टेबलावरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि तो पहिला ट्रेलर लावला. आमचा ओटा आला. म्हातारी आली. बोट बाहेर काढलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, "रस्ता नं बाय?" म्हणाली. खांदे हलले. मग तो आवाज आला.

मी पुन्हा लावायला सांगितलं. तिने लावलं. तिसऱ्यांदा मी सांगायच्या आधीच लावलं. मग मी म्हणालो, "हा तुकडा मुलाच्या मोबाइलवर घालून द्या." ती म्हणाली, "आत्ता नाही देता येत. सिनेमा लागायच्या आधी काही बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल. लागल्यावर मी स्वतः देईन, शप्पथ." बाई खोटं बोलणारी नव्हती. पण सिनेमा लागला तेव्हा ती त्या कंपनीत राहिली नव्हती, आणि तिच्या नंबरवर दुसराच कोणी माणूस हिंदीत बोलायचा. तिला मी दोष देत नाही.

घरी येऊन मी म्हातारीला सांगितलं, मी बघितलं तुला. तिने भुवया वर केल्या. मी तिचंच वाक्य बोलून दाखवलं, चूल, दूध, सगळं. माझ्या तोंडून ते काहीच लागलं नाही. ती माझ्याकडे दयेने बघत राहिली.

सिनेमा पनवेलला आलाच नाही. मुंबईला कुठल्याशा मॉलमध्ये भरदुपारचा एक खेळ होता. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी चला, आईला येऊन सांगा." मी म्हणालो, तिच्याआधी मी बघणार नाही. सांगून काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरला.

मग बरेच महिने गेले. एका दुपारी मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. टीव्ही नुसता चालू होता. एकाएकी आमचा ओटा दिसला. कडेचा तुटलेला दगड मी आधी ओळखला, मग तिचं लुगडं. चॅनेलवाल्यांची जाहिरात होती, येत्या रविवारी दुपारी सिनेमा. मी ओरडलो, "अगो बघ! बघ! आली वानगी!"

ती बघत होती. ओट्यावर ती बसली होती, डोळे तेच बारीक, खांदे हलत होते. पण नाकाच्या खाली काहीच नव्हतं. ओली पाटी तळहाताने फासटावी तसं मळकट काहीतरी तिच्या तोंडावर फासलं होतं, नाकापासून हनुवटीपर्यंत. तिने बोट हलवलं की ते फासटलेलंही हलायचं. आवाज नव्हता, वर सिनेमाचं गाणं वाजत होतं. खाली पट्टी, तंबाखू आरोग्याला घातक. लगेच पुढे तो पाइपवाला गुंड आला, त्याचा दातनदात स्वच्छ दिसत होता.

मी चमचा हातात धरून बसलो. म्हातारीने डावा हात उचलला, पदराचं टोक घेतलं आणि स्वतःचं तोंड पुसलं. पुसून टीव्हीकडे बघितलं. तिथे साबणाची जाहिरात लागली होती.

थोड्या वेळाने ती जाहिरात परत आली. ओटा, लुगडं, फासटलेलं तोंड. ती परत पुसायला लागली, आता जोरात. मी म्हणालो, "अगो, तुझ्या तोंडाला काय नाय. त्यांनी लावलंय ते. मिश्रीसाठी लावलंय." ती ऐकेना. ओठाची कातडी लाल झाली. मी तिचा हात धरला तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी सोडून दिला. तिला काय वाटलं ते मला तेव्हा कळलं. तिला वाटलं, आपलं तोंड वाकडं झालंय, लाळ गळते, लोकांना दाखवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून त्यांनी झाकलं. शूटिंग ती आजारी पडायच्या आधीचं होतं, हे तिच्या ध्यानात राहिलं नसेल. का राहूनही उपयोग झाला नसेल, कोण जाणे. मी त्या आठवड्यात तिला इतक्या वेळा समजावलं की शेजारीण म्हणाली, काका, आता पुरे करा. म्हातारीने पदर तोंडावर घेतला तो घेतलाच. पेज भरवताना तेवढा खाली करू द्यायची.

रविवारी मुलगा, सून, नातवंडं आली. शेजारपाजारचे आले. तंबाखूच्या दुकानातला चाचासुद्धा खजूर घेऊन आला. "दावत आमची, भाभी," म्हणाला. मला माहीत होतं की सिनेमात त्या जागी गाणं नसेल. तोंड फासटलेलं असलं तरी आवाज येईल. घर भरून तिचा आवाज येईल, नातवंडांना ऐकू जाईल. मी सगळ्यांना दम दिला, कोणी तोंडातून अक्षर काढायचं नाही.

सिनेमा सुरू झाला. आधी तंबाखूने आजारी पडलेली माणसं दाखवली, मग खाडी. म्हातारीने पदर आणखी वर ओढला, डोळ्यांच्या खालपर्यंत. घशातून आवाज करायला लागली. डावा हात टीव्हीकडे केला आणि खाली दाबला. परत केला, परत दाबला.

"आई, थांब ना," मुलगा म्हणाला. "आता तुझाच सीन येईल."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत होती. सगळेच माझ्याकडे बघायला लागले, कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मोजणीवाले पोलीस घेऊन आले तेव्हाही मी ओट्यावरून उठलो नव्हतो.

मी उठलो आणि टीव्हीचं बटण बंद केलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "निदान आवाज तरी ऐकू द्या."

"नको म्हंते ती."

चाचाने खजुराचा डबा उघडून सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला. नातवंडांनी खाल्ले. मोठी माणसं खजूर मुठीत धरूनच घरी गेली.

शिमग्याच्या आधी ती गेली. बायका तिला आंघोळ घालायला बसल्या तेव्हा तोंडावरचा पदर काढताना त्यांनी मला विचारलं. काढा म्हणालो.

मुलगा सांगतो, तो सिनेमा आता मोबाइलवर कुठेही मिळतो, त्यात आईचं तोंडही झाकलेलं नाही, नुसती खाली पट्टी आहे. त्याने बघितलाय. नातवंडांनी बघितलाय. नात मला तिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायला आली होती, मी तिला मध्येच थांबवलं. मुलगा म्हणतो, बाबा, एकदा बघा, तुमचा हट्ट कशासाठी? हट्टच आहे. त्या रविवारी तिने मला बंद करायला सांगितलं, त्यानंतर चालू करायला सांगितलेलं नाही. मोबाइल हातात घेऊन तो माझ्या बाजूला बसतो तेव्हा मी उठून ओट्यावर जातो. आतून कधी कधी तो लावतो, आवाज बारीक करून. मी खोकत राहतो, ऐकू येऊ नये म्हणून.